सारा फ्लॅनरीचे चौथे वर्ष: शालेय शिक्षणातील परीक्षामुक्त वर्षाचे एक प्रकरण

आयर्लंडमध्ये मुले साधारण बाराव्या-तेराव्या वर्षी माध्यमिक शाळेत जातात. पहिल्या तीन वर्षांच्या शेवटी एक राज्यस्तरीय परीक्षा होते, आणि शेवटची दोन वर्षे ‘लीव्हिंग सर्टिफिकेट’ या शालान्त परीक्षेच्या तयारीत जातात. विद्यापीठातील प्रवेश प्रामुख्याने या परीक्षेच्या गुणांवर ठरत असल्यामुळे तिचे दडपण आपल्याकडच्या बारावीच्या दडपणापेक्षा कमी नसते. या दोन टप्प्यांच्या मधोमध एक वर्ष ठेवलेले आहे. त्याला ‘ट्रान्झिशन इयर’ म्हणतात. बहुतेक शाळांत ते ऐच्छिक आहे, काही शाळांत सक्तीचे. त्या वर्षी पंधरा-सोळा वर्षांचे मूल शाळेतच असते, वर्गही भरतात, मात्र राज्याची कोणतीही परीक्षा नसते आणि शाळेला स्वतःचा अभ्यासक्रम स्वतः आखण्याची मुभा असते.

अशा वर्षाबद्दल दोन टोकाची मते ऐकू येतात. काहींच्या मते ते मुलाला मोठे करणारे वर्ष असते, तर काहींच्या मते ते निव्वळ वाया जाते. आयर्लंडमधील मुलेच त्याला ‘डॉस इयर’, म्हणजे उनाडकीचे वर्ष, असे नाव देतात. दोन्ही मतांना आधार देणारी मुले प्रत्येक शाळेत सापडतात, म्हणून सरसकट निवाडा करण्यापेक्षा एकच प्रकरण नीट उलगडून पाहणे मला अधिक उपयोगाचे वाटते. त्यासाठी मी कॉर्क परगण्यातील ब्लार्नी येथील सारा फ्लॅनरी हिचे 1997-98 हे शालेय वर्ष निवडले आहे. ते गाजलेले आहे, त्याची नोंद सार्वजनिक आहे आणि त्यात काय घडले, कोणत्या क्रमाने घडले हे तपासता येते. माझे म्हणणे असे आहे की हे वर्ष फळले ते तिच्या बुद्धिमत्तेपेक्षा त्या वर्षातील कामांच्या परस्परसंबंधामुळे. एका कामातून दुसरे निघाले आणि शाळेचे वर्ष संपल्यावरही ते थांबले नाही.

वर्षाची मूळ कल्पना

1973 च्या अखेरीस आयर्लंडचे तत्कालीन शिक्षणमंत्री रिचर्ड बर्क यांनी ही कल्पना शिक्षकांसमोर मांडली. राजकारणात येण्यापूर्वी ते स्वतः शिक्षक होते. गुणांच्या आणि स्पर्धेच्या दबावामुळे शिक्षणव्यवस्था मुलांना जागच्या जागी धावायला लावणारी ट्रेडमिल होऊ लागली आहे, तेव्हा एक वर्ष ती थांबवावी आणि तो वेळ मुलांनी स्वतःच्या वाढीला व समाजासाठी काम करायला द्यावा, असा त्यांच्या मांडणीचा आशय होता. 1974 मध्ये अवघ्या तीन शाळांत प्रयोग सुरू झाला. पुढची वीस वर्षे तो संथपणे पसरत राहिला. 1994 मध्ये वरच्या माध्यमिक टप्प्याची फेररचना झाली तेव्हा एकदम सुमारे 450 शाळांनी तो स्वीकारला.

1994 च्या सुमारास शाळांना दिलेल्या मार्गदर्शक सूचनांतील एक मुद्दा इथे महत्त्वाचा आहे. हे वर्ष म्हणजे लीव्हिंग सर्टिफिकेटच्या अभ्यासाचे तिसरे वर्ष नव्हे, असे त्यात स्पष्ट केलेले होते. त्याआधी काही शाळा मोकळे वर्ष पुढचा अभ्यास लवकर उरकून घेण्यासाठी वापरत असत. आपल्याकडे दहावीची परीक्षा संपल्याबरोबर अकरावीच्या शिकवण्या सुरू होतात, तोच हा मोह. सूचनांनी ती वाट बंद केली, पण त्याबरोबर शाळांवर एक अवघड जबाबदारी आली. परीक्षेचा धाक नसलेल्या वर्षात मुलाला कशाने बांधून ठेवायचे, हे आता प्रत्येक शाळेला स्वतः शोधायचे होते.

सप्टेंबर 1997 ते मे 1998

सारा फ्लॅनरीचा जन्म 1982 चा. तिचे वडील डेव्हिड फ्लॅनरी कॉर्कच्या तंत्रशिक्षण संस्थेत गणित शिकवत. घराच्या स्वयंपाकघरात एक फळा होता आणि त्यावर ते मुलांसाठी कोडी लिहून ठेवत, ही गोष्ट तिच्याविषयीच्या प्रत्येक लेखात येते. त्या फळ्याला अवास्तव महत्त्व देऊ नये असे मला वाटते, कारण घरात कोडी सोडवणारी मुले पुष्कळ असतात. ट्रान्झिशन इयरने त्यात भर घातली ती वेळेची. वडील संध्याकाळी प्रौढांसाठी गणिताचा एक वर्ग घेत. परीक्षेच्या वर्षात अशा वर्गाला नियमित जाणे पंधरा वर्षांच्या मुलीला परवडले नसते. या वर्षी ती जाऊ शकली. त्या वर्गात अंक-सिद्धांताची, म्हणजे पूर्ण संख्यांच्या गुणधर्मांच्या अभ्यासाची, प्राथमिक ओळख होती आणि त्याच्या आधारे गुप्तलेखनाची, म्हणजे संदेश इतरांना कळू नये अशा रीतीने लिहिण्याच्या शास्त्राची, ओळख होती.

दुसरी गोष्ट शाळेतून आली. डब्लिनमध्ये दर जानेवारीत शालेय विद्यार्थ्यांचे ‘यंग सायंटिस्ट’ प्रदर्शन भरते. 1965 पासून चालत आलेल्या या प्रदर्शनासाठी प्रकल्प करणे हा अनेक शाळांत या वर्षाचा भाग असतो. साराने विषय निवडला तो संध्याकाळच्या वर्गातला. जानेवारी 1998 मधील तिच्या प्रकल्पात नवे संशोधन काहीही नव्हते. रोमन सेनानी ज्युलियस सीझरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अक्षर-सरकवण्याच्या पद्धतीपासून आधुनिक आरएसए पद्धतीपर्यंत गुप्तलेखन कसकसे बदलत गेले, याची ती मांडणी होती. हा तपशील मी मुद्दाम सांगतो. पहिल्याच प्रयत्नात मुलाने काहीतरी नवे शोधले पाहिजे अशी अपेक्षा अनेक पालक ठेवतात आणि त्या अपेक्षेपायी साधा, प्रामाणिक अभ्यास राहून जातो. साराला त्या मांडणीसाठी इंटेल कंपनीचे पारितोषिक मिळाले आणि त्याबरोबर अमेरिकेतील आंतरराष्ट्रीय विज्ञान स्पर्धेला जाण्याची संधी मिळाली. ती स्पर्धा मे महिन्यात टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे होती.

या दोन तारखांच्या मध्ये ट्रान्झिशन इयरचा तिसरा परिचित भाग आला, तो म्हणजे कार्यानुभव. या वर्षातील मुले थोड्या दिवसांसाठी एखाद्या दुकानात, कार्यालयात, रुग्णालयात किंवा कारखान्यात जाऊन काम करतात. ते ठिकाण बहुधा ओळखीने ठरते: मावशीचे औषधाचे दुकान, शेजाऱ्यांचे गॅरेज, वडिलांच्या मित्राची कचेरी. सारा गेली ती डब्लिनमधील ‘बाल्टिमोर टेक्नॉलॉजीज’ या माहिती-सुरक्षेच्या कंपनीत, म्हणजे तिने नुकत्याच अभ्यासलेल्या विषयावर रोज काम करणाऱ्या माणसांमध्ये. कंपनीचे संस्थापक मायकेल पर्सर यांनी तिला स्वतःचा एक अप्रकाशित लेख दाखवला. त्यात गुप्तलेखनाच्या एका नव्या पद्धतीचा आराखडा होता. ती पद्धत ‘मॅथेमॅटिका’ या संगणकप्रणालीत उतरवून पाहण्याचे काम तिला देण्यात आले.

त्या कामाचे गणित थोडक्यात समजून घेतले पाहिजे, कारण त्याशिवाय या वर्षाची खरी किंमत लक्षात येत नाही. आरएसए पद्धत 1977 मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी मांडली. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार सहज करता येतो, पण गुणाकार हाती असताना त्या दोन संख्या शोधणे अतिशय अवघड असते, या गोष्टीवर तिची सुरक्षा उभी आहे. 61 आणि 53 यांचा गुणाकार 3233 येतो हे कोणीही कागदावर काढेल. 3233 कोणत्या दोन मूळ संख्यांचा गुणाकार आहे हे शोधायला मात्र बराच वेळ लागेल, आणि संख्या शेकडो अंकी असतील तर संगणकही हात टेकतात. परंतु या पद्धतीत संदेशरूपी संख्येचा फार मोठा घात काढावा लागतो. ते काम वेळखाऊ असते. पर्सर यांच्या आराखड्यात घाताऐवजी असा गुणाकार वापरायचा होता, ज्यात क्रम बदलला की उत्तर बदलते.

शाळेत आपण शिकतो ते गुणाकार असे नसतात; 3 गुणिले 5 आणि 5 गुणिले 3 दोन्ही 15 च. मॅट्रिक्सचे, म्हणजे आडव्या ओळी आणि उभ्या स्तंभांत मांडलेल्या संख्यांच्या तक्त्याचे, तसे नाही. एका मॅट्रिक्सच्या ओळी (1, 1) आणि (0, 1) आहेत आणि दुसरीच्या (1, 0) आणि (1, 1) आहेत असे समजू. पहिलीला दुसरीने गुणले तर उत्तराच्या ओळी (2, 1) आणि (1, 1) येतात. दुसरीला पहिलीने गुणले तर (1, 1) आणि (1, 2) येतात. वडिलांच्या सल्ल्याने साराने पर्सर यांच्या कल्पनेसाठी अशा दोन बाय दोनच्या मॅट्रिक्स वापरायचे ठरवले. (क्रमावर अवलंबून असणाऱ्या गुणाकाराशी डब्लिनचे जुने नाते आहे. विल्यम रोवन हॅमिल्टन यांना 1843 मध्ये तिथल्याच एका कालव्याकाठी चालताना अशा गुणाकाराचे सूत्र सुचले होते.) मॅट्रिक्सच्या बीजगणिताचा पाया घालणारे आर्थर केली आणि मायकेल पर्सर या दोघांच्या नावांवरून तिने या पद्धतीला ‘केली-पर्सर’ असे नाव दिले.

फोर्ट वर्थला नेण्यासाठी केवळ जुन्या पद्धतींची मांडणी पुरेशी नाही, स्वतःचे काहीतरी हवे, असे तिला वाटत होते. म्हणून तिने पर्सर यांच्याकडे रीतसर परवानगी मागितली आणि त्यांच्या कल्पनेवर आधारलेले काम प्रकल्पात घेतले. एकच मजकूर दोन्ही पद्धतींनी गुप्त करून किती वेळ लागतो हे तिने संगणकावर दाखवले. नवी पद्धत आरएसएपेक्षा कितीतरी वेगवान ठरली.

वर्ष संपल्यानंतर

कार्यक्रमाच्या हिशेबाने तिचे ट्रान्झिशन इयर 1998 च्या उन्हाळ्यात संपले. काम मात्र संपले नाही. पुढच्या इयत्तेत, लीव्हिंग सर्टिफिकेटचा अभ्यास सुरू झालेला असताना, तिने पद्धतीच्या वेगाचे विश्लेषण अधिक काटेकोर केले आणि तोवर माहीत असलेल्या हल्ल्यांपुढे ती टिकते का हे एकेक करून तपासले. जानेवारी 1999 मध्ये ती पुन्हा त्याच प्रदर्शनात उतरली आणि वयाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर त्या वर्षीची ‘यंग सायंटिस्ट’ ठरली. ब्रिटनमधील वर्तमानपत्रांनी बातमी पहिल्या पानावर छापली आणि जगभर तिची चर्चा झाली. एका शाळकरी मुलीने इंटरनेटच्या सुरक्षेत क्रांती केली, असा त्या बातम्यांचा सूर होता. तिने स्वतः असा दावा केला नव्हता. कोणतीही नवी गुप्तलेखन-पद्धत काळाच्या कसोटीला उतरल्याशिवाय सुरक्षित मानता येत नाही, हे तिला माहीत होते.

तसेच झाले. काही काळातच या पद्धतीत दोष सापडला. संदेश वाचण्यासाठी मूळ गुप्त मॅट्रिक्स नेमकी तीच मिळण्याची गरज नव्हती. तिच्या पटीतली मॅट्रिक्स मिळाली तरी काम भागत होते, आणि तशी मॅट्रिक्स जाहीर केलेल्या माहितीतूनच काढता येत होती. म्हणजे कुलूप बनवले होते, पण त्याची दुसरी किल्ली दारावरच लटकत राहिली होती. एवढ्या प्रसिद्धीनंतर एखाद्या मुलीने विषय सोडून दिला असता तर कोणी दोष दिला नसता. साराने त्या हल्ल्याचा अभ्यास केला, तो का यशस्वी होतो हे लिहून काढले आणि ते विवेचन परिशिष्ट म्हणून आपल्या प्रकल्पाला जोडले. त्या परिशिष्टासह तिने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ग्रीसमधील थेसालोनिकी येथे झालेल्या युरोपीय संघाच्या तरुण वैज्ञानिकांच्या स्पर्धेत भाग घेतला आणि तिथेही ती विजेती ठरली. पुढे तिने केंब्रिजच्या पीटरहाऊस महाविद्यालयात संगणकशास्त्राचे शिक्षण घेतले.

माझ्या दृष्टीने या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत मोलाची वस्तू ते परिशिष्ट आहे. पदके पुष्कळांना मिळतात. आपल्याच कामाचा पराभव नीट समजून घेऊन तो आपल्याच कामाच्या शेवटी जोडणे ही गोष्ट शालान्त परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत कधीही शिकता येत नाही, कारण तिथे चूक म्हणजे कापलेला गुण आणि त्यापलीकडे तिला काही अर्थ नसतो. परीक्षामुक्त वर्षाने नेमकी हीच सवय लावायला हवी, आणि इथे ती लागलेली दिसते.

हे वर्ष कशाने फळले

साराच्या वर्षातील प्रत्येक घटक सुटा पाहिला तर तो सामान्य आहे. संध्याकाळचा वर्ग, प्रदर्शनासाठी प्रकल्प, कार्यानुभव, परदेश प्रवास: आयर्लंडमधील हजारो मुले दरवर्षी यातले काही ना काही करतात. गेरी जेफर्स यांच्यासारख्या या विषयाच्या अभ्यासकांनी ट्रान्झिशन इयरच्या रचनेचे चार थर सांगितले आहेत. आतला थर मूलभूत विषयांचा. त्यावर नवे विषय चाखून पाहण्याचा. मग खास या वर्षासाठी आखलेल्या उपक्रमांचा. आणि सर्वांत बाहेर सहली, शिबिरे, कार्यानुभव अशा वेळापत्रकात मध्येच येणाऱ्या घटनांचा. बहुतेक मुलांच्या बाबतीत हे थर एकमेकांना स्पर्शही करत नाहीत. ऑक्टोबरमध्ये नाटक, नोव्हेंबरमध्ये प्रथमोपचाराचे प्रशिक्षण, फेब्रुवारीत किराणा दुकानात कार्यानुभव, एप्रिलमध्ये सहल, असे ते वर्ष जाते. प्रत्येक गोष्ट चांगलीच असते, पण वर्षाच्या शेवटी हाती प्रमाणपत्रांचे एक फोल्डर उरते.

साराच्या बाबतीत वर्गाने प्रकल्पाला विषय दिला, प्रकल्पाने कार्यानुभवाचे ठिकाण सुचवले, कार्यानुभवाने खरा प्रश्न दिला, आणि परदेशातील स्पर्धेने त्या प्रश्नाला मुदत घातली. या सर्वांत कार्यानुभवाचा दुवा मला निर्णायक वाटतो. ती कंपनीत गेली तेव्हा तिला विषय येत होता, म्हणून पर्सर तिच्यापुढे खरे काम ठेवू शकले. हेच ठिकाण तिला सप्टेंबरात, काहीही न शिकता मिळाले असते, तर तिने बहुधा फायली लावल्या असत्या आणि चहा केला असता. कोऱ्या पाटीने आलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाला कोणतीही कंपनी दुसरे काय देणार? आधी काही महिने एखादा विषय धरून शिकणे आणि मगच त्या विषयाच्या माणसांकडे जाणे, हा क्रम कोणत्याही मुलाला पाळता येईल. सुतारकाम, रुग्णसेवा, मधमाश्या, वेल्डिंग, कायदा, काहीही असो.

दुसरी गोष्ट मुदतीची. परीक्षा नसलेल्या वर्षाला मुदती लागत नाहीत असा समज आहे. प्रत्यक्षात अशा वर्षाला त्यांची अधिक गरज असते, फक्त त्या बाहेरच्या आणि खऱ्या असाव्या लागतात. जानेवारीचे प्रदर्शन पुढे ढकलता येत नाही. राष्ट्राध्यक्षांच्या नावाने दिला जाणारा ‘गॅस्का’ पुरस्कार अनेक मुले या वर्षात घेतात, तोही याच कारणाने उपयोगी पडतो. त्याच्या कांस्यपदकासाठी समाजसेवा, एखादे कौशल्य आणि शारीरिक कसरत या तीन क्षेत्रांत 13-13 आठवडे सातत्याने काम करावे लागते, त्यांपैकी एका क्षेत्रात आणखी 13 आठवडे, आणि त्याशिवाय एक साहसी प्रवास करावा लागतो. आठवड्याला एकच तास लागतो, पण खंड पडता कामा नये. पंधरा वर्षांच्या मुलासाठी ही शिस्त लहान नाही.

आक्षेप, आणि तो का खरा आहे

या प्रकरणावर घेतला जाणारा सर्वांत स्वाभाविक आक्षेप वडिलांविषयीचा आहे. ज्या मुलीचे वडील गणिताचे प्राध्यापक आहेत, ज्यांच्या वर्गात तिला बसता येते आणि जे मॅट्रिक्स वापर असे सुचवू शकतात, तिचे उदाहरण इतरांना काय शिकवणार? या आक्षेपाला उत्तर देऊन तो बाजूला सारता येणार नाही, कारण तो खरा आहे. मोकळे वर्ष सर्वांना सारखे दिले तरी ते घराघरांत सारखे राहत नाही. ज्या घरात पुस्तके, ओळखी आणि पैसा आहे तिथे ते भरून जाते. जिथे नाही तिथे ते रिकामे राहते किंवा पगाराच्या कामाने भरते.

आयर्लंडच्या आर्थिक व सामाजिक संशोधन संस्थेतर्फे एमर स्मिथ, डेल्मा बर्न आणि कार्मेल हॅनन यांनी 2004 मध्ये या कार्यक्रमाचे सविस्तर मूल्यमापन प्रसिद्ध केले, त्यातून हेच चित्र पुढे आले. हे वर्ष घेतलेल्या मुलांना पुढे लीव्हिंग सर्टिफिकेटमध्ये सरासरीने अधिक गुण मिळाले होते, म्हणजे वर्षभर थांबल्याने अभ्यास मागे पडतो ही भीती सर्वसाधारणपणे निराधार ठरली. परंतु हा लाभ सर्वांना झाला नव्हता. वंचित वस्त्यांतील शाळांत, हे वर्ष सक्तीचे असलेल्या ठिकाणी आणि वर्षभर अर्धवेळ नोकरी करणाऱ्या मुलांमध्ये तो दिसला नाही. गरीब भागांतील आणि लहान शाळांत तर हा कार्यक्रम उपलब्ध असण्याचे प्रमाणही कमी होते.

अर्धवेळ नोकरीचा मुद्दा पालकांनी विशेष लक्षात घ्यावा असा आहे. आयर्लंडमधील 1996 च्या कायद्यानुसार शाळा सुरू असताना 15 वर्षांच्या मुलाला आठवड्याला 8 तासांहून अधिक काम देता येत नाही, पण सोळावे लागले की ही मर्यादा एकदम सैल होते, आणि बहुतेक मुले याच वर्षात सोळा वर्षांची होतात. शाळेत परीक्षा नाही आणि उपाहारगृहात तासाला रोख पैसे आहेत, अशा परिस्थितीत तास वाढत जातात. त्या मुलाला आळशी म्हणणे अन्यायाचे आहे. ते मूल काम करतेच आहे. पण एकदा लागलेली कमाई पाचव्या वर्षाच्या अभ्यासासाठी सोडणे त्याला जड जाते, आणि घरी त्या पैशांची गरज असेल तर आणखीनच जड जाते. खर्चाचेही तसेच. सहली, शिबिरे, प्रशिक्षणे यांसाठी शाळा या वर्षाचे शुल्क घेतात आणि ते अनेक कुटुंबांना परवडत नाही.

साराला घरात मिळाली ती माणसे शाळेने मिळवून देणे, हे या आक्षेपाचे व्यवहार्य उत्तर आहे. एका विषयात खोलवर उतरलेला एक प्रौढ, जो आठवड्याला तासभर मुलाच्या कामाकडे गांभीर्याने पाहील, एवढीच गरज असते. ते वडीलच असले पाहिजेत असे नाही. निवृत्त अभियंता, गावातला शेतकरी, ग्रंथपाल, परिचारिका कोणीही चालेल. शाळेतील समन्वयकाला अशी माणसे जोडण्यासाठी वेळ दिलेला असेल, तर कार्यानुभवाची जागा ओळखीवर अवलंबून राहत नाही. तो वेळ दिलेला नसेल, तर सगळा भार आईवडिलांच्या दूरध्वनीवहीवर पडतो.

आयर्लंडमधील मराठी पालकांसाठी

माहिती तंत्रज्ञान, वैद्यकीय सेवा, औषधनिर्मिती अशा क्षेत्रांत काम करणारी अनेक मराठी कुटुंबे आता आयर्लंडमध्ये राहतात, आणि मूल तिसऱ्या वर्षात आले की त्यांच्यापुढे हा प्रश्न येतो. आपल्या मनात ‘एक वर्ष गेले’ ही भावना फार खोल रुजलेली आहे. भारतातली चुलत-मावस भावंडे एक वर्ष पुढे जातील, हा विचार बोलून दाखवला नाही तरी असतो. त्यांनी एक व्यावहारिक बाजू पाहावी. तिसऱ्या वर्षापर्यंत विज्ञान हा एकच एकत्रित विषय असतो. पुढे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र वेगळे होतात. विद्यापीठ-प्रवेशासाठी उत्तम सहा विषयांचे गुण धरले जातात, प्रत्येकी कमाल 100, आणि उच्च स्तरावरील गणिताचे 25 अधिक, अशी 625 ही कमाल मर्यादा असते. सहा विषय चुकीचे निवडले गेले तर दोन वर्षे ते ओढावे लागतात. ट्रान्झिशन इयरमध्ये काही आठवडे भौतिकशास्त्राच्या, काही आठवडे लेखाशास्त्राच्या वर्गात बसून निवड करता येते. केवळ एवढ्या कारणासाठीही ते वर्ष घेण्यासारखे आहे.

मात्र दोन गोष्टी घरातूनच सांभाळाव्या लागतात. गणित वर्षभर बाजूला ठेवले तर गंज चढतो, आणि पाचव्या वर्षाच्या सुरुवातीचे उच्च स्तराचे गणित वाट पाहत थांबत नाही. म्हणून थोडे का होईना, नियमित गणित चालू ठेवावे. ते पुढच्या पाठ्यपुस्तकातले असण्याची गरज नाही. दुसरी गोष्ट वेळेची. रुग्णालये, विद्यापीठांतील विभाग, पोलीस दल आणि सैन्यदल या वर्षातील मुलांसाठी स्वतंत्र कार्यक्रम चालवतात. डब्लिनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सचा वैद्यकीय परिचयाचा कार्यक्रम हे त्यातले एक परिचित उदाहरण. या जागा मर्यादित असतात आणि अर्ज फार आधी मागवले जातात. काही ठिकाणी वयाची अट असते, आणि लहान मुले किंवा दुर्बल व्यक्ती यांच्यासोबतच्या कामासाठी सोळा पूर्ण झालेल्यांना पोलीस पडताळणी लागते, जिला वेळ लागतो. तिसऱ्या वर्षाच्या वसंतात, परीक्षेच्या धामधुमीतच, मुलाशी बसून कोणता एक विषय धरायचा हे ठरले असेल तर सप्टेंबर वाया जात नाही.

आयर्लंडने अलीकडे सर्व शाळांत हे वर्ष उपलब्ध व्हावे असे धोरण स्वीकारले आहे, आणि 1994 च्या सूचनांच्या जागी नवे कार्यक्रम-विधान आणले आहे. त्यात वैयक्तिक वाढ, शिकण्याची क्षमता, नागरी सहभाग आणि व्यवसायाचा शोध अशा बाजूंनी वर्षाची आखणी करायला सांगितलेली आहे. आखणीत खोट काढण्यासारखे थोडे आहे. परंतु मागणी वाढल्याने अनेक शाळांत जागा अपुऱ्या पडतात आणि कोणाला घ्यायचे हे मुलाखतीवर किंवा मागील वर्तनावर ठरते, तेव्हा ज्या मुलाला मोकळ्या वर्षाची सर्वाधिक गरज आहे तेच आधी गाळले जाण्याचा धोका राहतो. शुल्क माफ करण्याची सोय असली तरी ती मागावी लागते, आणि मागणे अनेक पालकांना अवघड जाते. त्यामुळे प्रत्येक शाळेने जागावाटपाचे निकष आणि वर्षाचा संपूर्ण खर्च तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच लेखी जाहीर करावा, शुल्कमाफीचा अर्ज सर्वच पालकांना प्रवेशअर्जासोबत द्यावा, आणि कार्यानुभवाच्या निदान काही जागा शाळेने स्वतः मिळवून ज्यांच्या घरी ओळखी नाहीत अशा मुलांसाठी राखून ठेवाव्यात.